पंचाचा उघडा हात व मिटलेली मूठ

गेल्या हिवाळ्यात चांदे येथील आमच्या शाळेच्या क्रीडांगणावर बास्केटबॉलचे जे सामने झाले, त्यांपैकी एका सामन्याची हकीकत सांगून आम्ही या लेखास आरंभ करतो. त्या दिवशी जी चूक घडली तीत आमचाही वाटा होता, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

सामना इयत्ता नववीच्या दोन तुकड्यांमध्ये होता व पंचाचे काम दहावीतील एका विद्यार्थ्याकडे सोपविलेले होते. रेषेलगत पालकांची बरीच गर्दी जमली होती. भाताची झोडणी उरकून आलेले गावकरी होते, तशीच हिंजवडीच्या कचेऱ्यांतून मुद्दाम लवकर निघून आलेली मंडळीही होती. दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले होते आणि खेळ संपण्यास अर्धे मिनिटही उरले नव्हते. इतक्यात एका मुलाने धावता धावता चेंडू झेलला, दोनतीन पावले टाकली, उडी घेतली आणि चेंडू टोपलीत टाकला. लागलीच अर्ध्या गर्दीतून एकच ओरड उठली, "चालला! चालला! ट्रॅव्हल!" आम्हीही ओरडलो. पंचाने मात्र शिट्टी वाजविली नाही. त्याने दोन बोटे वर करून गुण दिले. सामना संपल्यावर एका गृहस्थांनी मैदानात शिरून त्या मुलास जे शब्द ऐकविले ते येथे छापण्याजोगे नाहीत. मुलगा काही बोलला नाही. त्याने गळ्यातील शिट्टी काढून गुणलेखकाच्या मेजावर ठेवली, आणि त्या हंगामात ती पुन्हा हाती घेतली नाही.

त्या रात्री आम्ही नियमांचे पुस्तक उघडून पाहिले. मुलगा बरोबर होता.

तेव्हापासून आमचे असे मत झाले आहे की, ज्या शाळेत हा खेळ खेळला जातो त्या शाळेने पंचाच्या खुणा खेळाडूंप्रमाणेच प्रेक्षकांसही शिकवाव्या, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती वर्षातून एकदा तरी शिट्टी द्यावी. क्रिकेटच्या पंचाने एक बोट वर केले, दोन्ही हात उंचावले किंवा ते आडवे पसरले, तर त्याचा अर्थ आपल्याकडील आजीबाईंसही सांगावा लागत नाही. बास्केटबॉलच्या पंचाची गोष्ट निराळी. तो बिचारा हातवारे करून आपला निर्णय कारणांसह सर्वांस सांगत असतो, आणि ती भाषा कोणास येत नसल्यामुळे त्याने पक्षपात केला असे लोकांस वाटते.

ज्या नियमावरून आमच्या येथे गहजब झाला, तो या खेळाचा सर्वांत जुना व मूळचा नियम होय. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेत, जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाने हा खेळ रचला. तो मूळचा कॅनडाचा. बाहेर बर्फ, आत कंटाळलेले अठरा विद्यार्थी, आणि वरिष्ठांचा हुकूम की यांच्यासाठी दिवाणखानी नव्हे पण छपराखालचा एखादा खेळ शोधून काढा! सज्ज्याच्या कठड्यास दहा फूट उंचीवर पीचच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम कागदावर लिहिले आणि खेळ सुरू झाला. चेंडू घेऊन धावू द्यावे, तर त्याला अडविण्यासाठी अंगावर पडावे लागणार. आणि लाकडी जमिनीवर आपटून हाडे मोडणार. म्हणून नेस्मिथने ठरविले की चेंडू हाती घेऊन धावताच कामा नये. जेथे झेलला तेथूनच तो टाकावा. परंतु त्याच तिसऱ्या नियमात त्याने पुढे अशी सवलत लिहून ठेवली की, जो वेगाने धावता धावता चेंडू झेलील, त्याला थांबण्यापुरती मोकळीक असावी. म्हणजे ज्या सवलतीवर आम्ही परवा आरडाओरडा केला, ती खेळाच्या जन्मापासून चालत आलेली आहे. चेंडूचे टप्पे देत पुढे जाणे, ज्यास मुले ड्रिबल म्हणतात, ते मूळ नियमांत नव्हतेच. ते खेळाडूंनी मागाहून शोधले.

आज आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा आहे. उभ्या खेळाडूने चेंडू झेलला, तर एक पाय उचलताच दुसरा पाय जमिनीस खिळलेला समजावयाचा. त्यास पिव्होट म्हणतात. तो टाचेवर वा चवड्यावर फिरवावा, पण ड्रिबल सुरू करण्यासाठी चेंडू हातातून सुटण्यापूर्वी तो उचलू नये. टोपलीकडे चेंडू फेकावयाचा किंवा सोबत्यास द्यावयाचा असेल, तर मात्र तो पाय उचलून उडी मारण्यास हरकत नाही. फक्त चेंडू सुटण्यापूर्वी पाय पुन्हा जमिनीस लागता कामा नये. आता धावत्या खेळाडूचे पाहू. चेंडू हाती आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर टेकलेला असेल, तो हिशेबात धरावयाचा नाही. त्यास शून्य पाऊल म्हणतात, आणि ही स्पष्टता ऑक्टोबर 2017 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत आली. त्यानंतर दोन पावले मिळतात. बाहेरून पाहणाऱ्यास अर्थात पाय तीनदा पडलेले दिसतात, आणि तो आपला घसा ताणून ओरडतो. मात्र एकाच पायावर लंगडी घालीत दोनदा टेकणे हा नियमभंगच. लंगडी हा आपल्या मुलांचा जुना खेळ असल्यामुळे येथे ती हटकून चुकतात, असा आमचा अनुभव आहे.

पडण्याविषयीही असाच गैरसमज आहे. चेंडू हाती असताना खेळाडू पडला किंवा पडून घसरत गेला, तर त्यात काही गैर नाही. चेंडू धरून तो लोळू लागला किंवा तसाच उठू लागला, तर मात्र ट्रॅव्हल.

आता खुणांकडे वळू. वाचकांनी लेखातील इतर सर्व विसरून एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी आमचे निम्मे काम झाले. शिट्टी वाजताच पंचाच्या हाताकडे पाहावे. हात उंच असून पंजा उघडा असेल, तर नियमभंग झाला. मूठ मिटलेली असेल, तर फाऊल झाला. हे दोन प्रकार सर्वस्वी निरनिराळे आहेत. नियमभंगात चेंडू दुसऱ्या बाजूस जातो आणि तेवढ्यावर प्रकरण मिटते. कोणाच्या नावावर काही लिहिले जात नाही. फाऊल मात्र खेळाडूच्या नावे नोंदविला जातो, पाच झाले म्हणजे त्याला सामन्यातून उठावे लागते, आणि एका पावखेळात, म्हणजे सामन्याच्या चौथ्या भागात, संघाचे चार फाऊल भरल्यावर पुढच्या बचावाच्या फाऊलास समोरच्यांना दोन मुक्त फेक मिळतात. आपल्या मुलाने रेषेवर पाय दिला म्हणून त्याच्या नावे 'फाऊल' झाला असे समजून कष्टी होणाऱ्या एक माताजी आमच्याजवळच बसल्या होत्या. उघडा पंजा त्यांस ठाऊक असता तर त्यांचा तो तास सुखात गेला असता.

पंजा उघडा दाखविल्यावर पंच कारण दाखवितो. छातीपुढे दोन्ही मुठी रहाटासारख्या एकमेकींभोवती फिरविल्या, तर ट्रॅव्हल. दोन्ही तळवे खाली करून ते आळीपाळीने वरखाली केले, तर डबल ड्रिबल, म्हणजे एकदा थांबविलेले टप्पे पुन्हा सुरू केले. एकच तळवा अर्धा फिरविला, तर चेंडू टप्पा देण्याऐवजी तळहातावर वाहून नेला. हात पुढे करून तीन बोटे दाखविली, तर टोपलीखालच्या चौकटीत खेळाडू तीन सेकंदांहून अधिक रेंगाळला. बोट पायाकडे केले, तर चेंडू पायाने अडविला. दोन्ही अंगठे वर केले, तर दोघांनी चेंडू असा घट्ट धरला आहे की झोंबाझोंबीवाचून तो कोणासच मिळू नये. शेवटी पंच ज्या दिशेस बोट दाखवील, त्या दिशेस खेळणाऱ्या संघाचा चेंडू.

फाऊलाच्या खुणा तर नाटकातील अभिनयासारख्या आहेत. दोन्ही हात कमरेवर ठेवले म्हणजे वाट अडविली. एका हाताने दुसरे मनगट धरले म्हणजे प्रतिपक्ष्यास पकडून ठेवले. तेच मनगटावर मारून दाखविले म्हणजे हातावर फटका दिला. दोन्ही हातांनी पुढे ढकलल्यासारखे केले म्हणजे धक्का. मिटलेली मूठ उघड्या तळव्यावर आपटली म्हणजे ज्याच्याजवळ चेंडू होता तोच बचाव करणाऱ्यावर जाऊन आदळला. या शेवटच्या खुणेच्या वेळी पालकांत सर्वांत अधिक खळबळ उडते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो.

सर्वसाधारण समजूत अशी की, बचाव करणारा खांबासारखा निश्चल उभा असेल तरच धडकेचा दोष दुसऱ्याकडे जातो. तसे नाही. बचाव करणाऱ्याने प्रथम दोन्ही पाय जमिनीवर टेकवून प्रतिपक्ष्यासमोर तोंड करून आपली जागा घेतली पाहिजे, एवढेच. एकदा ती घेतली म्हणजे तो बाजूस वा मागे सरकू शकतो, हात सरळ वर उंचावू शकतो आणि जागच्या जागी उडीही मारू शकतो. प्रत्येक खेळाडूभोवती जमिनीपासून वरपर्यंत एक अदृश्य नळकांडे आहे अशी कल्पना नियमकर्त्यांनी केली आहे. त्या नळकांड्यात तो मालक. दुसऱ्याच्या नळकांड्यात जो घुसला आणि ज्याच्यामुळे धक्का लागला, तो दोषी. याच न्यायाने, उंच मुलाने ठेंगण्या मुलाच्या मागून हात वर करून चेंडू काढून घेतला व अंगास अंग लागले नाही, तर त्यात काहीच अपराध नाही. 'पाठीवरून घेतला, पाठीवरून घेतला' असा जो पुकारा होतो, त्या नावाचा कोणताच नियम पुस्तकात नाही. आणि अंगास अंग लागले तरी प्रत्येक स्पर्श फाऊल नसतो. त्यामुळे कोणाचे नुकसान झाले की नाही, हे पंचास पाहावे लागते. दहा खेळाडू 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद जागेत धावत असता स्पर्श व्हावयाचाच.

रेषेचा घोटाळा निराळा आहे. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू रेषेवर पडला तर तो आत धरतात, टेनिसमध्येही तसेच. म्हणून आमची मुले बास्केटबॉलमध्येही रेषा आपलीच समजतात. येथे रेषा बाहेरची आहे. रेषेस पायाचे बोट लागले की खेळाडू बाहेर. उलट चेंडू रेषेपलीकडे हवेत असेल आणि आतून उडी मारणाऱ्या मुलाने पाय टेकण्यापूर्वी तो आत परत टाकला, तर खेळ चालूच राहतो. ती उडी पाहताना रेषेबाहेर बसलेल्यांनी 'आऊट' म्हणून ओरडू नये.

विद्यार्थ्यांच्या अज्ञानाचे एक नवे कारण आम्हांस आढळले आहे, आणि ते अज्ञान नसून अर्धवट ज्ञान आहे. मुले भ्रमणध्वनीवर अमेरिकेतील धंदेवाईक संघांचे सामने पाहतात व तेथील नियम येथे लावू पाहतात. तेथे बचाव करणाऱ्यासही चौकटीत विनाकारण तीन सेकंदांहून अधिक उभे राहता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ते बंधन केवळ चढाई करणाऱ्या संघास आहे. तेथे सहाव्या फाऊलास खेळाडू बाद होतो, येथे पाचव्या. तेथील पावखेळ बारा मिनिटांचा, येथील दहा. चेंडू टोपलीच्या कड्यास लागून वर उडाला, तर येथे तो कोणीही खेळावा. तेथे तो कड्यावरून दूर होईपर्यंत हात लावण्याची मनाई आहे. एका मुलाने तर पंचास "सर, तुम्ही सामने पाहत नाही काय?" असे विचारले. पंच पाहत होता. तो समोरचा सामना पाहत होता.

यावर कोणी म्हणतील की, खेड्यातील मुलांच्या खेळास इतक्या बारीकसारीक कायद्यांचे ओझे कशाला? मुलांना मोकळेपणी खेळू द्यावे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पहिल्या वर्षाच्या लहान मुलांस पावले मोजीत बसविणे आम्हांसही पसंत नाही. पण आपल्याच देशी खेळांचा इतिहास काय सांगतो? खो-खो गावोगावी आपापल्या रीतीने खेळला जाई, आणि एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला म्हणजे निम्मा वेळ भांडणात जाई. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले, तेव्हा कोठे त्याच्या स्पर्धा भरविणे शक्य झाले. खो मिळाल्यावर ज्या दिशेस निघाला ती बदलावयाची नाही, हे खो-खो खेळणाऱ्या मुलास आपण सहज पटवितो. चेंडू हाती घेऊन चालावयाचे नाही, हे त्याच जातीचे बंधन आहे. त्या बंधनामुळेच सोबत्यास चेंडू देण्याची गरज उत्पन्न होते, आणि ती गरज नसती तर हा खेळ एकट्याचाच झाला असता. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला, तेव्हा वृद्ध नेस्मिथ तेथे हजर होता. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी तेथे आपले देशी खेळ करून दाखविले. दोहोंस परक्या लोकांपुढे उभे राहता आले ते लिहिलेल्या नियमांच्या बळावर, असे आम्हांस वाटते.

पंच चुकत नाही असे आमचे म्हणणे नाही. तो चुकतो, आणि दहावीतील मुलगा तर अधिकच चुकेल. परंतु पंचाशी बोलण्याची रीत नियमांतच सांगितलेली आहे. खेळ थांबलेला असताना संघनायकाने सभ्यपणे जाऊन काय झाले ते विचारावे. प्रेक्षकांस हा अधिकार नाही. मग तो प्रेक्षक शाळेच्या समितीवर असो की आमच्यासारखा मराठीचा शिक्षक असो. बालेवाडीचे क्रीडासंकुल आमच्यापासून फार दूर नाही. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले. तेथवर खेळाडू म्हणून जाण्याचे स्वप्न आमची पुष्कळ मुले बाळगतात, पण पंच म्हणून जाण्याचे कोणाच्याच मनात येत नाही. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले हे आमच्या मुलींस ठाऊक आहे. त्याच पुण्याच्या स्नेहल बेंडके यांनी आंतरराष्ट्रीय पंच म्हणून शिट्टी वाजविली, हे वर्गात विचारले तेव्हा एकीसही सांगता आले नाही. ज्या कामाबद्दल पदरी केवळ शिव्या पडतात, त्या कामाकडे हुशार मुले वळणार कशी?

म्हणून मुख्याध्यापकांपुढे आम्ही अशी सूचना ठेवली आहे. येत्या हंगामात प्रत्येक सामन्यापूर्वी पाच मिनिटे पंचांनी मैदानाच्या मध्यावर उभे राहून सर्व खुणा करून दाखवाव्या व प्रेक्षकांनी त्यांची नावे सांगावी. आठवीपासून पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका सामन्यात शिट्टी घ्यावी. सोबत अनुभवी असा दुसरा पंच असावाच. मैदानाबाहेरून कोणी पंचास अपशब्द बोलल्यास खेळ थांबवून त्यांस फाटकाबाहेर पोचवावे, मग ते कोणाचे का पालक असेनात. या शेवटच्या कलमास शिक्षकांच्या सभेत थोडा विरोध झाला. पालकांचा अपमान होईल, असे काहींचे म्हणणे पडले. त्या मुलाचा अपमान झाला तेव्हा सभा भरली नव्हती, एवढेच आम्ही बोललो. निर्णय अजून व्हावयाचा आहे.

त्या मुलाकडे आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो व आपण उगाच ओरडलो असे त्यास सांगितले. तो संकोचला. मग त्याने विचारले, "सर, आपण पहिले पाऊल कोणते मोजले होते?" आम्ही सांगितले. तो म्हणाला, "ते शून्य." आम्हांस नीटसे समजले नाही, तेव्हा त्याने वर्गातून चेंडू आणला आणि आम्हांस व्हरांड्यात धावावयास लावले. दुरून त्याने चेंडू फेकला, तो आम्ही धावता धावता झेलला, मनात शून्य, एक, दोन असे मोजले व मोठ्या ऐटीने थांबलो. मुलाने हात वर केला. पंजा उघडा होता. मग त्याने दोन्ही मुठी छातीपुढे रहाटासारख्या फिरविल्या.